कानाचा निकाल

माणसाला किती ऐकू येतं हे तपासायचं तर आधी जिथे काहीच ऐकू येत नाही अशी जागा शोधावी लागते. डोळ्यांचं तसं नाही. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला की काम भागतं. रक्तदाब तर लोक औषधाच्या दुकानात उभ्याउभ्या मोजून घेतात. कानाला मात्र स्वतंत्र खोली लागते. भिंतींना जाड अस्तर, दोन्ही हातांनी ओढावं लागेल असं दार आणि एक छोटी काचेची खिडकी, जिच्यातून आत बसलेला माणूस बाहेरच्याला उगाचच केविलवाणा दिसतो. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत अशा खोल्या आहेत, म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत आहेत. आमच्या सोसायटीत आहे तो बहुउद्देशीय हॉल. त्याच्या उद्देशांत बारशी, वार्षिक सभा, झुंबा आणि दिवाळीतले फराळाचे स्टॉल एवढं सगळं बसतं. शांतता हा उद्देश बिल्डरच्या माहितीपत्रकातसुद्धा नव्हता.

आणि म्हणूनच माझ्या भाचीने तो निवडला. ती वाक्-श्रवणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोंगाटाच्या जागी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावून माणसाच्या कानाची चाचणी घेता येईल का, आणि घेतली तर आकडे कितपत बदलतात, हा तिचा प्रकल्प. "मामा, मला भरपूर आवाज असलेली जागा हवीय," असं ती म्हणाली तेव्हा मला भरून आलं. पाणी, पार्किंग, लिफ्ट यांपैकी कशावरूनही आमच्या सोसायटीला आजवर कुणी नावाजलं नव्हतं. इथे आम्ही निव्वळ गुणवत्तेवर निवडले गेलो होतो.

सेक्रेटरींच्या कानावर ही गोष्ट गेली आणि प्रकल्पाचं शिबिर झालं. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, हे त्यांनीच कुठूनसं शोधून काढलं. "काका, हे निदान नाही, नुसता प्रयोग आहे," असं भाची परोपरीने सांगत होती. पण 'भव्य मोफत प्रयोग' असा फ्लेक्स कुणी छापत नाही. 'भव्य मोफत श्रवण तपासणी शिबिर' असा छापतात, आणि त्यावर कानाच्या चित्रापेक्षा प्रमुख पाहुण्यांचा फोटो मोठा असतो.

उद्घाटनाला स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. मग पाहुणे ध्वनिप्रदूषण या विषयावर पाऊण तास बोलले आणि दर पाच मिनिटांनी माइक अशी काही शिट्टी मारायचा की पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ नागरिकांनी श्रवणयंत्रं काढून खिशात ठेवली. भाचीचा चेहरा उतरला. मोठा आवाज बराच वेळ कानावर आदळला की ऐकण्याची क्षमता काही तासांपुरती खरोखरच कमी होते. लग्नाच्या वरातीतून घरी आल्यावर कानांत बोळे घातल्यासारखं वाटतं ते याचमुळे. अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी असा नियम आहे की कामगाराची पहिली, पायाभूत श्रवणचाचणी घ्यायची तर त्याआधी १४ तास त्याला कामाच्या जागच्या गोंगाटापासून दूर ठेवायचं. आम्ही दोनशे माणसांना ऐकण्याच्या चाचणीसाठी बोलावून आधी तात्पुरतं बहिरं केलं होतं. चाचण्या पुढच्या रविवारवर गेल्या. याचं वाईट कुणालाच वाटलं नाही, कारण उद्घाटन झालं होतं, आणि उद्घाटनानंतरचं काम मागाहून होतं हे आपल्याकडे पुलांपासून शौचालयांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

पुढच्या रविवारी स्पीकर नव्हते. तरी भाचीने आवाज मोजायचा मीटर टेबलावर ठेवला तेव्हा काटा साठीच्या खाली यायला तयार नव्हता. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिलेली आहे. ती गाठायला आम्हाला सहाच्या सहा पंखे बंद करावे लागले असते, आणि मार्चमध्ये पुण्यात पंखे बंद करायला सांगणारा माणूस त्या हॉलमधून धड बाहेर पडला नसता. पंख्यांच्या वर शेजारच्या पुनर्विकासाचा ब्रेकर होता. त्याच्या वर, एका सुरात भंगार-रद्दी मागणारा, ध्वनिमुद्रित, कधीही न दमणारा माणूस होता. पार्किंगमधून कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी सनईसारखं काहीतरी वाजवत होती. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचे डेसिबल मोजायला सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी जातात. त्यांना उरलेलं वर्ष आमच्याकडे सुखाने काढता येईल.

चाचणी तशी साधी असते. कानात एक बारीक 'टूं' वाजतो. ऐकू आला की बटण दाबायचं. मग तोच सूर दहा डेसिबलने खाली आणतात. ऐकू आला? अजून दहा खाली. आता नाही आला? पाचने वर. दहाने उतरायचं, पाचने चढायचं, असं करत जिथे सौदा पटतो तो तुमच्या कानाचा उंबरठा. मंडईत भाजीवाली आणि गिऱ्हाईक ज्या पद्धतीने कोथिंबिरीच्या जुडीच्या भावावर येतात तीच ही पद्धत. फरक इतकाच की इथे दोन्ही पक्ष गप्प असतात. खर्जातल्या २५० हर्ट्झपासून टिपेच्या ८००० हर्ट्झपर्यंत अशा एकेका सुराचा सौदा करत जायचं.

अडचण खर्जाची. खालच्या पट्टीतला दणदणीत आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांनाही झाकून टाकतो, उलटं मात्र फारसं होत नाही. वेगेल आणि लेन या दोघांनी १९२४ साली हे मोजून दाखवलं. (आमच्या वार्षिक सभेत अध्यक्षांचा घोगरा आवाज आणि महिला सदस्यांच्या सूचना यांचं नातं शंभर वर्षांपूर्वीच शास्त्रात नोंदलं गेलं होतं, हे मला नव्यानेच कळलं.) म्हणजे पंख्याची घरघर नुसती २५० हर्ट्झच्या सुराला खात नाही, तर वरच्या मजल्यांवरही अतिक्रमण करते. आणि नेमकी ही घरघरच नॉइज कॅन्सलिंग हेडफोनला सगळ्यात चांगली मारता येते.

ते कसं, हे भाचीने कार्डशीटवर नागमोडी रेघ काढून समजावलं. हेडफोनला बारके माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतलं यंत्र त्याची बरोबर उलटी लाट तयार करतं, आणि चढावर उतार येऊन बसला की दोन्ही मिटतात. कल्पना जुनी आहे. पॉल लुएग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं, पण तेव्हाची यंत्रं तेवढी चपळ नव्हती. घोडं अडतं ते चपळाईवरच. १०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन पुरं व्हायला १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात यंत्र उलटी लाट आरामात तयार करतं. ४००० हर्ट्झचं आवर्तन पाव मिलिसेकंदात संपून जातं. म्हणून घरघर, घुमघुम, गुंगुं असले एकसुरी आवाज गायब होतात आणि कुकरची शिट्टी, टिकली फुटल्याचा आवाज आणि बायकोची हाक सहीसलामत आत पोचते. वरच्या पट्टीतलं जे काही अडतं ते कानावरच्या जाड उशांनी. इलेक्ट्रॉनिक्सचा त्यात हात नसतो.

हे प्रकरण सामान्य माणसाच्या कानापर्यंत आणलं अमर बोस यांनी. वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांपासून सुटून अमेरिकेत गेलेले; मुलगा एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून घरी परतताना विमान कंपनीने दिलेले हेडफोन त्यांनी लावले, तर इंजिनाच्या घरघरीत गाणं कुठलं आणि विमान कुठलं ते कळेना. बाकीच्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं असतं. बोसांनी कागद काढून तिथेच गणितं मांडली. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, म्हणजे गणित एका प्रवासातलं आणि घाम अकरा वर्षांचा. मला मात्र राहून राहून वाटतं की ते विमानात होते म्हणून बरं. एसटीत असते तर इंजिन मिटलं असतं आणि खिडक्यांच्या काचांचा खडखडाट तेवढा स्वच्छ ऐकू आला असता. मग त्यांनी हा नाद सोडून काचेच्या रबरांचा कारखाना काढला असता.

आता प्रत्यक्ष प्रयोग. प्रत्येकाची चाचणी दोनदा घ्यायची होती; एकदा कॅन्सलिंग बंद, एकदा चालू, पंखे दोन्ही वेळा फुल. हेडफोनमधून नेमका किती आवाज निघतो ते भाचीने आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कृत्रिम कानावर मोजून आणलं होतं. रबर आणि धातूच्या त्या कानाने तिला काहीच त्रास दिला नव्हता. तो चष्मा लावत नव्हता.

आमच्याकडे चष्मा न लावणारा कान मिळणं कठीण. चष्म्याची काडी उशीखालून जाते, तिथे एक फट राहते, आणि खर्जातले आवाज असल्या फटीतून बिनबोभाट ये-जा करतात. चष्मा काढायला सांगावं तर, "दिसल्याशिवाय ऐकू कसं येणार?" हा प्रश्न एकाहून अधिक ज्येष्ठांनी गंभीरपणे विचारला. काकूंच्या कुड्यांचा प्रश्न वेगळा. सात मोत्यांची कुडी उशीखाली दाबली गेली की कान दुखतो आणि वर फटही राहते. कुडी काढायची तर फिरकी घट्ट बसलेली; ती निघाली तर ठेवायची कुठे; ठेवली तर लक्ष कुणी ठेवायचं. शेवटी सूनबाई पदरात कुड्या घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि काकूंनी पूर्ण चाचणी डोळे पदरावर रोखून दिली.

पण चष्मा आणि कुड्या या किरकोळ गोष्टी. खरा घोळ निराळाच होता, आणि तो भाचीच्या पाठ्यपुस्तकात नसावा. ही परीक्षा आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. परीक्षेत माहीत नसलेल्या प्रश्नाचं उत्तर कोरं सोडायचं नाही, हे संस्कार आपल्यावर पहिलीपासून होतात. नाना बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बटण हातात घेतलं ते अंगठा टेकवूनच. सूर नसतानाही ते ठरावीक अंतराने बटण दाबत होते. "नाना, आत्ता काही वाजलं नव्हतं," भाची म्हणाली. "वाजणारच होतं की," नाना म्हणाले. भाचीने मग सुरांमधलं अंतर कमीजास्त करायला सुरुवात केली, तेव्हा नानांनी तिच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघून बटण दाबायला सुरुवात केली. तिने खुर्ची उलट्या दिशेला फिरवली. समोर नोटीस बोर्डाची काच आली आणि त्या काचेत भाची स्वच्छ दिसत होती.

कॅन्सलिंग चालू केलं की मात्र प्रत्येकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पंखे डोक्यावर फिरतायत आणि आवाज नाही, हे पाहून दोघांनी वर बघून लाइट गेले का म्हणून विचारलं. काकूंनी लगेच हेडफोन काढले. "यात चिलट शिरलंय. गुंई वाजतंय." भाचीने हेडफोन तपासले, काही नव्हतं; थोडी सूक्ष्म सळसळ यंत्राची स्वतःची असते, पण ती चिलटाइतकी नव्हे. ते चिलट काकूंचं स्वतःचं होतं. हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ साली चांगल्या कानाच्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत एकेकटं बसवलं, तर पाच मिनिटांत ९४ टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू यायला लागला होता. बाहेरचं बंद झालं की आतलं सुरू होतं. काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं आत वाजत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आणखी एक गंमत. घरघर गेल्यावर माणसांचं बोलणं उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. रांगेत मागे उभ्या असलेल्यांना हे माहीत नव्हतं. हेडफोनवाल्याला काही कळत नाही अशा समजुतीने ते त्याच्याबद्दल मोकळेपणी बोलत होते, आणि तो माणूस सुरांकडे दुर्लक्ष करून, कान देऊन ते ऐकत होता. बी विंगच्या एका सदस्याच्या आलेखात १००० हर्ट्झला अचानक मोठा खड्डा आहे. त्या वेळी मागे त्यांच्या धाकट्या मुलीच्या ठरलेल्या लग्नाची चर्चा चालू होती.

चाचणीआधी हेडफोनची सवय व्हावी म्हणून भाची प्रत्येकाला एक गाणं ऐकवायची. तिथे नानांनी फ्रेंच वैद्यकाची परंपरा चालवली. एत्येन लोंबार नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली सांगून ठेवलंय की कानात गोंगाट सोडला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. लोंबार याच युक्तीने एका कानाच्या बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्यांना पकडत. चांगल्या कानात गोंगाट सोडायचा. दुसरा कान खरंच बहिरा असेल तर माणूस ओरडायला लागतो, सोंग असेल तर त्याचा आवाज फारसा चढत नाही. नाना सोंग घेत नव्हते. गाणं रंगात आल्यावर ते माझ्या कानाशी लागून, त्यांच्या समजुतीने कुजबुजत म्हणाले, "रंगकामाच्या टेंडरात सेक्रेटरींनी खाल्ले म्हणतात ते खरं का हो?" हॉल गप्प झाला. मीटर टेबलावरच होता. त्याने ८२ दाखवले. सेक्रेटरी वडापावच्या ऑर्डरीचं बघायला तातडीने बाहेर गेले.

दुपारी रांग पातळ झाली तेव्हा भाचीने हौसेने आणखी एक जुना प्रयोग लावला. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकच मोठ्याने म्हणायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय ते लोकांना जवळजवळ काहीच सांगता येईना. मधेच भाषा बदलली तरी पत्ता नाही. मग १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात माणसाचं स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर साधारण तिघांतल्या एकाने ते टिपलं. आमच्याकडे उजव्या कानात वर्तमानपत्रातला अग्रलेख होता. डाव्या कानात काय टाकायचं म्हणून भाचीने हाताशी सापडलेला कागद वाचून रेकॉर्ड केला होता, तो निघाला मेंटेनन्सच्या थकबाकीदारांचा. ऑक्सफर्डचा निष्कर्ष पुण्यात टिकला नाही. स्वतःचं नाव एकालाही ऐकू आलं नाही. शेजाऱ्यांची नावं सगळ्यांनी रकमेसकट सांगितली.

नानांना एव्हाना या क्षेत्रात गोडी निर्माण झाली होती. कानात घालायचे अ‍ॅपलचे एअरपॉड्स घरच्या घरी पाच मिनिटांत अशीच चाचणी घेतात आणि श्रवणयंत्राचंही काम करतात, हे त्यांना नातवाने सांगितलं होतं. ही सोय आली तेव्हा, २०२४ च्या शेवटाला, भारतात ती बंद होती. बंगळुरूच्या तीन तरुणांना आजीसाठी ती हवी होती. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या मदतीने एक पिंजरा बनवला, त्यात बाहेरचे सिग्नल अडवून उपकरणाला आपण कॅलिफोर्नियात असल्याची खात्री पटवली आणि आजीची सोय केली. मला यात सगळ्यात कौतुक त्या मायक्रोवेव्हचं वाटतं. भारतातल्या घरांत त्याने पापड भाजण्यापलीकडे केलेलं हे पहिलंच काम असावं. नानांनी नातवाचे एअरपॉड्स तिथेच लावून पाहिले. फोनने सांगितलं, आवाज फार आहे, शांत जागी जा. "शांत जागी ऐकू येतंच मला," नाना फोनला म्हणाले. "इथलं काय ते सांग."

संध्याकाळी भाचीने आकडे जुळवले. तिच्या दृष्टीने दिवस सोन्याचा होता. कॅन्सलिंग चालू केल्यावर २५० आणि ५०० हर्ट्झचे उंबरठे जवळजवळ सगळ्यांचे खाली आले होते, ४००० ला फरक नगण्य होता, म्हणजे पुस्तक म्हणतं तसंच. ती आलेख काढत बसली आणि तेवढ्यात सेक्रेटरींनी तिच्या कागदावरून आकडे उतरवून घेतले. माणसांच्या तब्येतीची माहिती अशी चारचौघांत लावायची नसते, हे तिने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, नावं लावत नाही, विंगवार लावतो.

या आकड्यांचं एक आहे. शून्य म्हणजे निरोगी तरुण कानांची सरासरी, आणि आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात २० च्या आत ठीक, आणि ३५ पासून पुढे मध्यम श्रवणदोष सुरू होतो. भाचीने हे हॉलमध्ये उभं राहून सांगितलंही होतं. पण तेव्हा वडापाव आले होते आणि ब्रेकरही चालू होता. नोटीस बोर्डावर दुसऱ्या दिवशी लागलं: 'ए विंग सरासरी ३८, बी विंग सरासरी १७. ए विंगच्या सर्व ज्येष्ठांचे हार्दिक अभिनंदन.' नानांना एकट्याला ४५ पडले होते, ते पहिले आले. त्यांच्या सुनेने पेढे वाटले. बी विंगमधल्या दहावीच्या मुलीला ४००० हर्ट्झला उणे ५ मिळाले. हॉलमधला सगळ्यात तीक्ष्ण कान तिचाच. पण तिच्या आईने घरी काय केलं ते विचारू नका. दुपारी ती आई भाचीला फोनवर म्हणाली, "निगेटिव्ह मार्किंग आहे हे आधी सांगायला नको होतं का?"

बुधवारी बी विंगचा अर्ज आला. त्यात उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती आणि पुनर्मूल्यांकन मागितलं होतं, आणि नानांची खुर्ची नोटीस बोर्डाच्या काचेसमोर ठेवण्यात आल्याबद्दल तीव्र निषेध नोंदवला होता. भाची सेक्रेटरींना समजवायला गेली. मी सोबत होतो. तिने कागद पेन घेतलं, उंबरठा, डेसिबल, शून्य, सगळं पुन्हा काढून दाखवलं, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे काका, ३८ ही वाईट गोष्ट आहे."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. "अगं, वय किती त्यांचं," ते म्हणाले. "काठावर का होईना, पास आहेत ना?"